'मर्डर बाय डेथ' अजून हसवतो, की आपल्यालाच सवय लागलीय?

परभणीचा वाचक: नील सायमननं लिहिलेला १९७६ चा 'मर्डर बाय डेथ' हा इंग्रजी विनोदी सिनेमा परवा पुन्हा पाहिला. पोट दुखेस्तोवर हसलो. लायोनेल ट्वेन नावाचा विक्षिप्त श्रीमंत नामांकित गुप्तहेरांना वाड्यावर जेवायला बोलावतो. नावं बदललीत, पण रहस्यकथांतले पॉयरो, मिस मार्पल, सॅम स्पेड अन् चिनी गुप्तहेर चार्ली चॅन लगेच ओळखू येतात. दारावरची बेल दाबली की बाईची किंकाळी! बटलर आंधळा (अ‍ॅलेक गिनेस), स्वयंपाकीण मुकी-बहिरी. तो सांगतो ते तिला ऐकू येत नाही, ती लिहून दाखवते ते त्याला दिसत नाही. जेवण कुठून मिळणार?

पण सिनेमा टिकलाय तो वाचकाच्या जुन्या रागावर. ट्वेन शेवटी सगळ्यांना झापतो: शेवटच्या पाच पानांत नवीनच पात्र आणता, पुरावे दडवता, वाचकाला येडं बनवता. वाचनालयाची रहस्यकथा रात्रभर जागून संपवावी अन् खुनी निघावा कालच गावात उतरलेला चुलतभाऊ, हे ज्यानं भोगलंय त्याला ते भाषण कसं गोड लागतं!

मोंढा नाका: दादा, पीटर सेलर्सचं काय मग? गोरा इंग्रज नट रंगरंगोटी करून चार्ली चॅनच्या धर्तीवरचा चिनी गुप्तहेर वँग होतो, अन् त्याच्या मोडक्या इंग्रजीवर आपण हसायचं? सिनेमात आपलं 'करायलोय, जायलोय' आलं की पुण्या-मुंबईचं थेटर खिदळतं, तेव्हा कसं लागतं आपल्याला?

लातूरची सून: अहो, टिंगल त्या प्रथेचीच आहे. जुन्या सिनेमांत चार्ली चॅन व्हायचा वॉर्नर ओलंड, स्वीडनमध्ये जन्मलेला.

मोंढा नाका: ताई, मग वँगच्या दत्तक मुलाच्या कामाला जपानी वंशाचा रिचर्ड नारिता बरा सापडला! टिंगल प्रथेची असती तर हसू सेलर्सच्या सोंगावर आलं असतं. येतं ते वँगच्या बोलण्यावर.

परभणीचा वाचक: वँग शिळा झाला, धरून चालू. पण पीटर फॉक? टीव्हीवर त्याचा गुप्तहेर कोलंबो गाजत असताना हा माणूस इथं पडद्यावरच्या जुन्या सॅम स्पेडची, म्हणजे हम्फ्री बोगार्टची नक्कल करतो, तीही जीव ओतून. गुप्तहेरांवर माया असल्याशिवाय असं जमत नाही.

किनवटकर: माया राहू द्या, शेवटच गंडलाय. (पाहिला नसेल तर पुढं वाचू नका.) एकेक गुप्तहेर येऊन वेगळाच उलगडा करायलाय. मग बटलरचा मुखवटा निघतो, खाली ट्वेन. पाहुणे गेल्यावर ट्वेनचाही निघतो, खाली स्वयंपाकीण! ज्या लबाडीवरून लेखकांना शिव्या घातल्या, तीच यानं केली की.

लातूरची सून: भाऊ, तुम्ही नक्कल बघायलात की पंचनामा करायलात?

किनवटकर: नक्कलच. पण वाचकाची बाजू घेऊन उठला होता ना? मग एखादा धागा तरी आमच्या हाती द्यायचा.