फोल्डिंग वर्कबेंचचे पाय जाम, उघडताना अंगठा चेमटला

चोपडेकर_फर्निचर:
राम राम मंडळी. माझ्याकडे लोखंडी फोल्डिंग वर्कबेंच आहे, साईटवर घेऊन फिरतो, कधी यावल कधी अडावद, छोट्या हत्तीत टाकला की झालं. घेऊन आठ महिने झाले. आधी पाय नुसते हाताने ढकलले तरी उघडायचे, आता एका बाजूची जोडी इतकी ताठ झालीय की बेंच उलटा करून, त्यावर पाय रोवून ओढावं लागतं, काल असंच ओढताना फटकन सुटला आणि आडव्या पट्टीत अंगठा सापडला, नख काळंनिळं. तेल सोडलं तर दोन दिवस बरं चाललं, परत तेच. आमच्याकडे पारा ४५ च्या वर आहे, लोखंड फुगून जाम होत असेल का? पोऱ्या म्हणतो हातोडीने ठोकू. दुसरी जोडी मात्र एकदम मऊ चालते.

सावद्याचा_गडी:
भो, इतलं टेन्शन काब्र लेस? डब्ल्यूडी-४० मार सांध्यावर आणि मोकळा हो.

जुना_फिटर_भुसावळ:
स्प्रेने गंज सुटतो, घाण निघते, पण तो जास्त दिवस टिकणारं वंगण नाही. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला बनवलेला तो. तेलाचंही तसंच, तू दिवसभर भुसा उडवतोस, ओल्या तेलावर तो बसून काळी लापशी होते. म्हणून दोन दिवस बरं आणि मग परत जाम.
उन्हाचं डोक्यातून काढ. १० मिली म्हणजे मिलिमीटरचा बोल्ट २० डिग्रीने तापला तर ०.००२४ मिली फुगतो, म्हणजे केसाच्या वीसाव्या भागाएवढाही नाही, आणि भोकही बरोबरच मोठं होतं. उन्हाने जाम होत असतं तर दोन्ही जोड्या झाल्या असत्या.
आता एक खरं सांग, मध्यंतरी त्या बाजूचे नट आवळले होतेस का?

चोपडेकर_फर्निचर:
हो काका. बेंच डगडग करत होता, रंधा मारताना सरकायचा, म्हणून मीच रिंग पान्याने चांगले कचकचून आवळले होते. पण नंतर थोडे ढिले पण केले, तरी फरक नाही!

जुना_फिटर_भुसावळ:
मग तिथेच घोळ आहे. पाय पोकळ चौकोनी पाईपचा असणार, कचकचून आवळलं की पाईपच्या भिंती आत दबतात, मग नट ढिला केला तरी दबलेली भिंत बोल्टला धरून ठेवते. आधी कुठला सांधा धरतोय ते शोध. तिरक्या पट्टीचा बोल्ट काढ आणि पाय एकटा हलवून बघ. पाय मोकळा हलला तर दोष पट्टीत, नाही हलला तर वरच्या बोल्टात. बोल्ट बाहेर काढून भोकापाशी बोट फिरव, खड्डा लागला की समज.
दबलं असेल तर आत लोखंडी नळीचा बुश टाक. बुशची लांबी पाईपच्या बाहेरच्या मापापेक्षा अर्धा मिली जास्त ठेव, आणि पाईपची दोन्ही भोकं बुश बसेल एवढी मोठी कर. मग नट कितीही आवळ, दाब बुशवर येतो आणि पाय बुशवर फिरतो. नट नायलॉनचं कडं असलेला नवा घे, जुना एकदा काढला की त्याची पकड कमी होते. बुशवर ग्रीस नको, मेणबत्ती चोळ.
आणि डगडग सांध्याचा नट आवळून जात नाही रे, ती लॉकच्या खाचेत असते, जिथे पाय उघडल्यावर पिन अडकते. खाच झिजलीय का बघ.

धुळेकर_पॉलिशवाला:
एक जोडतो, सिलिकॉन स्प्रे बेंचजवळ नकोच. मी एकदा मारला आणि त्याच टेबलावर दरवाजाला मेलामाईन पॉलिश केलं, पॉलिश गोळा होऊन खड्डे खड्डे पडले, सगळं घासून परत केलं. भुसा रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने काढ, पूर्ण वाळू दे. आणि सांध्याच्या बाजूला वायसर, म्हणजे चकती, हवा असेल तर ठिबकची जुनी नळी चिरून गरम पाण्यात सपाट कर आणि कैचीने काप, खान्देशात ती कुठेही सापडते.

सावद्याचा_गडी:
माझा स्प्रे वायाच गेला म्हणा की.

चोपडेकर_फर्निचर:
आज वेळ मिळाला. तिरकी पट्टी सोडल्यावरही पाय ताठच, म्हणजे काका म्हणाले तसं वरचाच बोल्ट. काढला तर पाईपला दोन्हीकडे आत दबलेला खड्डा, माझ्याच पान्याची करामत. लेथवाल्याने नळीचा बुश कापून दिला, पहिला नेमका पाईपच्या मापाचा केला तर पाय हलेचना, मग दुसरा अर्धा मिली लांब केला, तो बसला. भोकं मोठी करताना ड्रिल सरकलं, एक भोक जरा वाकडं झालंय पण चालतंय. आता पाय एका हाताने उघडतो. लॉकची खाच खरंच झिजलेली निघाली, ती वेल्डिंगवाल्याकडे भरून आणतो. नख मात्र अजून काळंच आहे.

जुना_फिटर_भुसावळ:
भरल्यावर खाच कानशीने हळूहळू घासून पिनच्या मापाची कर, एकदम घासू नको. आणि दुसऱ्या बाजूलाही बुश टाकून घे, तिथेही पाना फिरवलाच असशील.