स्कूल व्हॅन ग्रुप : एक सीट रिकामी

मेधा (बी ३०४) : सी १०२ वाले परवा शिफ्ट झाले, म्हणजे व्हॅनमध्ये एक सीट रिकामी आहे. जिने झाडणाऱ्या मावशी विचारत होत्या, त्यांच्या मुलीला बसवता येईल का? आपल्याच शाळेत दुसरीला आहे. व्हॅनकाका तयार आहेत.

रोहन (ए ७०१) : मावशींची मुलगी आपल्या शाळेत? कशी काय?

मेधा : आरटीई. शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर.

प्रसाद (सी ५०२) : त्यात एक लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं. बंगलेवालेसुद्धा दाखले काढून आणतात. मावशींचं तरी खरं कशावरून?

खजिनदार (बी १०१) : मावशींचा पगार दर महिन्याला मीच काढतो. ६,५०० रुपये. नवरा नाही. सप्टेंबरच्या एजीएममध्ये ७,५०० चा ठराव होता, तो कोणी पाडला ते इतिवृत्तात आहे. आता १२ ने गुणून बघा.

प्रसाद : हा मेसेज डिलीट केला आहे

जोशी काका (ए १०४) : सुप्रभात. बी विंगला टँकर लागलाय का?

देशपांडे मॅडम (ए २०२) : अरे, जन्म शाळेत गेला म्हणून बोलते. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा गरीब, वंचित घरच्या मुलांना. शाळा कोर्टात गेल्या, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला, फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या. आठवीपर्यंत फी नाही. पण व्हॅन, सहल, गॅदरिंगचा ड्रेस हे ज्याचं त्याने बघायचं, आणि पोर तिथेच वेगळं पडतं.

रोहन : मॅडम, शाळांची बाजूपण आहे. माझे मामा एका संस्थेत ट्रस्टी आहेत. सरकार या मुलांच्या फीपोटी मुलामागे वर्षाला १७,६७० देतो म्हणतं, तेही वर्षानुवर्षं थकवतं. भार शेवटी आपल्या फीवर.

देशपांडे मॅडम : थकबाकीचं खरं आहे, मीही मंत्रालयात खेटे घातलेत. पण त्यावर सरकारने उपाय काय काढला? ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. शहरात मग उरलं काय? हायकोर्टाने १९ जुलैला ते रद्द केलं, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

श्वेता (सी ३०१) : मॅडम, तीच बॅच! ही मुलगी आमच्या ईराच्या वर्गात आली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. बाकांवर जोड्या लागलेल्या, डब्याचे कंपू ठरलेले. ही शेवटच्या बाकावर एकटी. मग बाईंनी दर सोमवारी जागा बदलायला सुरुवात केली आणि ती ईराशेजारी आली. आता आमच्याकडे रोजचं एकच, ‘तिच्या आईसारखी शेंगदाण्याची चटणी कर.’ मला काही जमत नाही ती.

श्वेता : आणि डिसेंबरची सहल, १,४०० रुपये. वर्गातले चौघं गेले नाहीत, चौघंही आरटीईचे. त्यांना दिवसभर लायब्ररीत चित्रं काढत बसवलं. ईराने विचारलं, ‘आई, तिला गाडी लागते का गं?’ मी हो म्हणून मोकळी झाले. अजून टोचतंय.

देशपांडे मॅडम : या मुलांना वेगळं बसवायचं नाही, वेगळ्या वेळी वर्ग भरवायचा नाही, खेळात-लायब्ररीत दुजाभाव करायचा नाही, हे केंद्राच्या नमुना नियमांत आहे. सहलीला चौघं मागे राहिले की शाळा म्हणते, आम्ही कुठे अडवलं?

निखिल (बी ६०३) : गौतम राव या अर्थतज्ज्ञांचा दिल्लीच्या खासगी शाळांवर अभ्यास आहे, २०१९ मध्ये छापून आलेला. सधन घरच्या मुलांना रिलेसाठी जोडीदार निवडायला सांगितलं. काहींनी जोरात पळणारा गरीब मुलगा सोडून हळू पळणारा ‘आपल्यातला’ घेतला. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांच्यात हे प्रमाण कमी निघालं. गणित-हिंदीचे मार्क घसरले नाहीत, इंग्रजीचे किंचित घसरले.

रोहन : बघा! इंग्रजीचे घसरले ना!

निखिल : किंचित. तुझ्या चिरंजीवांचं मराठी बघितलंयस का?

जोशी काका : टँकरचं कोणीच सांगत नाही.

प्रसाद : सीटला माझी ना नाही. आपण वर्गणी काढू, व्हॅनचे १,८०० काय जास्त नाहीत. एक छोटासा फोटो कार्यक्रम करू, सोसायटीच्या पेजवर टाकू.

मेधा : फोटो नको, दादा. आणि फुकट नको असं मावशींनीच सांगितलंय. ५०० देतील. व्हॅनकाका म्हणाले, मागच्या गेटवरूनच जातो, चालेल. सकाळी सातला त्यांना झाडू हातात घ्यावा लागतो, म्हणून मुलगी शाळेच्या बंद फाटकासमोर अर्धा तास उभी असते. मला काल कळलं.

रोहन : ठीक आहे. पण मागच्या सीटवर बसवा, पुढे आधीच भांडणं असतात.

श्वेता : मागे का? भांडू दे की तिलाही. ईरा आत्ताच विचारतेय, खिडकी कोणाची?

मेधा : आळीपाळीने. उद्या ६:५०, मागचं गेट. जोशी काका, टँकर आलाय, वॉल्व्ह उघडा.