संकटात प्रार्थनेला बळच उरत नाही, तेव्हा नेमकं काय करावं?

जैतूनाची फांदी:

सर्वांना ख्रिस्तात सलाम. मंडळीतल्या प्रार्थना गटासाठी मार्गदर्शन हवं आहे. लांबलेलं आजारपण, घरातला मृत्यू, गेलेली नोकरी अशा वेळी "प्रार्थना करा, प्रभू बळ देईल" असं आपण सगळेच म्हणतो, पण ती कशी करायची हे कोणी सांगत नाही. गटात सारखे येणारे प्रश्न असे: प्रार्थनेला बसलं की काळजीच घोळत राहते आणि उठताना माणूस जास्त थकलेला असतो. देवाचा राग येतो, मग राग आला म्हणून अपराधी वाटतं. पवित्र शास्त्र हातात घ्यावंसं वाटत नाही. एकच मागणी रोज करावी, की एकदा मागून विश्वासाने गप्प बसावं? आणि आजाऱ्याच्या भेटीला गेल्यावर काय करावं, काय बोलू नये? साक्षी (स्वतःच्या अनुभवांच्या कहाण्या) नकोत, करता येण्यासारखं सांगा.

स्तोत्रपाठक:

ताई, रागाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची गाठ बहुतेक वेळा तिथेच असते.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. म्हणजे देवापुढे तक्रार मांडण्याची रीत शास्त्रानेच घालून दिली आहे. ती शिकायला स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो: मला विसरणार कोठवर, तोंड लपवणार कोठवर, मी मनात दुःख वागवायचं कोठवर, शत्रू वरचढ राहणार कोठवर. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे, तीही नेमकी: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा.

हाच साचा कागदावर उतरवायचा. अर्धं पान पुरतं, वेळ दहा-पंधरा मिनिटं. आधी हाक: "प्रभू" किंवा "बापा", जे तोंडात असेल ते. मग गाऱ्हाणं, अगदी स्पष्ट. "परिस्थिती कठीण आहे" असं मोघम नको. "तीन महिने पगार नाही आणि तू गप्प आहेस" असं. मग मागणी, एक किंवा दोन, आजच्या दिवसापुरत्या. शेवटी भरवशाचं एक वाक्य. लिहून झालं की ते हळू आवाजात देवाला वाचून दाखवायचं. नुसतं लिहून वही मिटली तर ती डायरी होते.

बिघडतं कुठे? लोक गाऱ्हाणं वगळून थेट भरवशाच्या वाक्यावर उडी मारतात. "प्रभू, तुझी इच्छा होवो" म्हणून मोकळे होतात. न बोललेलं गाऱ्हाणं तसंच आत राहतं आणि रात्री अंथरुणावर वर येतं. दुसरी चूक याच्या उलट: भरवशाचं वाक्य मनातून येत नसताना ओढूनताणून लिहिणं. ज्या दिवशी ते येणार नाही त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. त्याच्या अठरा वचनांत शेवटपर्यंत उजेड नाही, शेवटही अंधारातच होतो. भरवसा काय तो पहिल्या हाकेत आहे, "माझ्या उद्धारक देवा" एवढ्यापुरता. तरी ते स्तोत्र शास्त्रात जसंच्या तसं ठेवलं गेलं. तेव्हा एखाद्या दिवशी फक्त हाक आणि गाऱ्हाणं झालं, तर ती पूर्ण प्रार्थना समजा.

अपराधी वाटण्याबद्दल एवढंच सांगतो. वधस्तंभावर प्रभूने "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे शब्द उच्चारले ते स्तोत्र २२ मधले आहेत. असा प्रश्न विचारणं हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर तो त्याच्या ओठी आला नसता.

जैतूनाची फांदी:

धन्यवाद दादा. स्तोत्र ८८ गटात कधी वाचलंच गेलं नव्हतं. पण काळजी घोळत राहण्याचं काय? लिहायला बसलं तरी तेच तेच लिहिलं जातं.

पहाटवंदन:

त्याला एक सोपी कसोटी आहे: वाक्य कोणाला उद्देशून आहे ते पाहा. "उद्या रिपोर्ट वाईट आला तर माझं कसं होणार?" हे वाक्य माणूस स्वतःलाच ऐकवत असतो. असं वीस मिनिटं चाललं तर थकवा येणारच. डोळे मिटलेले आहेत एवढ्यावरून ती प्रार्थना होत नाही. तेच वाक्य "तू"कडे वळवायचं: "प्रभू, उद्याच्या रिपोर्टची मला भीती वाटते. ही भीती तू घे. आज मला झोप लागू दे." पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) सगळी चिंता त्याच्यावर टाका असं म्हटलं आहे. टाकायचं तर आधी तिला नाव द्यावं लागतं. एका काळजीला तीन वाक्यं: काय वाटतं, काय हवं, आजपुरतं काय पुरेल. ती झाली की पुढची काळजी. आठवतील तेवढ्या काळज्या झाल्या की "आमेन" मोठ्याने म्हणून जागेवरून उठायचं. बसून राहिलं की चक्र परत सुरू होतं.

वेळेचं म्हणाल तर संकटात लांब प्रार्थनेचा निश्चय करू नये. तासभराचा नेम तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मग तो मोडल्याचं ओझं वेगळं. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटं, एवढं बांधून घ्या. मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातही विश्वासणाऱ्यांना दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणायला शिकवलं जाई.

सकाळी: प्रभूची प्रार्थना, सावकाश, प्रत्येक ओळीनंतर एक श्वास थांबून. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथे आजची खरी गरज घाला, औषध असो की घरभाडं. "आज" हा शब्द सोडू नका. पुढच्या सहा महिन्यांचं बळ त्या ओळीत मागितलेलंच नाही.

दुपारी: शब्द सुचत नसतील तर पूर्वेकडच्या मंडळ्यांमधली जुनी येशू-प्रार्थना. "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा" हे श्वास घेताना, "मज पाप्यावर दया कर" हे सोडताना. तिची मुळं लूकच्या अठराव्या अध्यायात आहेत, जकातदाराच्या आणि यरीहोजवळच्या आंधळ्याच्या हाकेत. श्वास ओढूनताणून लांबवू नका, चक्कर येते. नेहमीच्या गतीवर शब्द सोडून द्या. मन भरकटलं तर स्वतःवर चिडायचं नाही, पुढच्या श्वासाला परत यायचं.

रात्री: स्तोत्र ४, ९१ किंवा १३४. झोपण्यापूर्वीच्या उपासनेत ही स्तोत्रं शतकानुशतकं म्हटली जात आहेत. १३४ तर तीनच वचनांचं आहे. मध्यरात्री जाग आली की मोबाईल न घेता १२१ आठवायचं, त्यातलं चौथं वचन पाठ असलं तरी पुरे: इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही. जागरणाचं काम त्याच्याकडे आहे.

आभारही माना, पण खऱ्या गोष्टीचे. फिलिप्पैकरांस पत्रात (४:६) मागणीबरोबर आभारप्रदर्शन सांगितलं आहे ते खरं. पण तेवढ्यावरून कर्करोगाबद्दल आभार मानायला लावू नका. आज कोण भेटायला आलं, कुठल्या तासाला वेदना कमी होत्या, असं एक काहीतरी.

आणि डोळे मिटून शास्त्र कुठेही उघडायचं आणि बोट पडेल ते वचन "मला मिळालेलं" मानायचं, हे बंद करा. घाबरलेल्या मनाला त्यातून हमखास शिक्षेचंच वचन सापडतं. अगोदर ठरवलेला पाठ असला की भीतीला निवड करता येत नाही.

मध्यस्थ:

रोज तेच मागावं का, या प्रश्नावर. गेथशेमाने बागेत प्रभूने तीन वेळा प्रार्थना केली आणि मत्तय २६:४४ प्रमाणे तिसऱ्या वेळी तेच शब्द पुन्हा बोलला. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे सतत छळणाऱ्या एका त्रासाबद्दल, तीनदा विनंती केली (२ करिंथ १२). तेव्हा तेच मागण्यात अविश्वास नाही. मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड म्हणजे शब्दांच्या संख्येने देवाला राजी करायला पाहणं. त्याच्याशी याचा गोंधळ होतो.

गेथशेमानेचा क्रमही पाहण्यासारखा आहे. "हा प्याला माझ्यावरून टळून जावो" हे आधी, उघडपणे. "तुझ्या इच्छेप्रमाणे" हे नंतर. पहिला भाग गाळला की समर्पणाच्या नावाखाली माणूस नुसता हताश होतो. दुसरा गाळला की नवस आणि सौदा सुरू होतो: "हे बरं कर, मी अमुक करीन." घाबरून केलेल्या नवसाने काय होतं ते इफ्ताहाच्या गोष्टीत (शास्ते ११) वाचा, नवसापायी त्याने पोटची मुलगी गमावली. उपदेशक ५:५ म्हणतो, नवस करून न फेडण्यापेक्षा तो न करणं बरं.

येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा सोळाव्या शतकातला एक नियम इथे फार उपयोगी आहे: मन कोरडं आणि अंधारलेलं असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. मंडळी सोडणं, लग्न मोडणं, सगळं विकून टाकणं, सेवेला वाहून घेणं, यांतलं काहीही त्या आठवड्यात ठरवू नका. "देवाने सांगितलं" असं वाटलं तरी थांबा, पाळकांशी किंवा आत्मिक मार्गदर्शकाशी बोला. देवाचं सांगणं महिनाभर थांबल्याने विरून जात नाही.

उपासाबद्दलही सांगायला हवं. आजारी, मधुमेही, गरोदर आणि शोकाने आधीच जेवण तुटलेल्या माणसाने अन्नाचा उपास करू नये. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता (१ राजे १९), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, दूताने पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. जेवण, झोप, मग प्रार्थना, हा क्रम लाजायचा नाही.

घरभेट_सेविका:

आजाऱ्याच्या भेटीबद्दल. दोघं किंवा तिघंच जा. आधी फोन करा, पंधरा मिनिटांत उठा. बसल्यावर विचारा: "आज प्रभूकडे काय मागू?" उत्तर "दुखणं कमी व्हावं" असेल तर तेच मागा, त्यात आपली भर घालू नका. मग एक छोटं स्तोत्र, २३ किंवा १३०. एक मिनिट शांतता. मोजक्या वाक्यांत प्रार्थना. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. ही शेवटी ठेवायची ती मुद्दाम. बोलायची ताकद नसलेल्या माणसालाही ती पाठ असते, ओठ हलवून तो सामील होतो. स्मृती गेलेल्या वृद्धांनाही पुष्कळदा ती आणि लहानपणीची गीतं येतात.

सगळ्यात जास्त नुकसान प्रार्थनेतून उपदेश केल्याने होतं. "प्रभू, हिचा विश्वास वाढव म्हणजे ही बरी होईल" असं डोळे मिटून बोललं की त्या बाईला उत्तरही देता येत नाही. "विश्वास कमी पडला", "काहीतरी पाप असेल", "देवाला हवी होती म्हणून नेली", ही वाक्यं बाहेर ठेवून आत जा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्यासोबत जमिनीवर बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला (ईयोब ४२:७).

आजाऱ्यालाही सांगा की सध्या तुम्ही विश्वासाचं ओझं उचलायचं नाही, ते आम्ही उचलतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं, आणि प्रभूने "त्यांचा विश्वास" पाहिला. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेलाने अभ्यंग करून घेता येतं. कॅथलिक मंडळीत आजाऱ्यांचा अभ्यंग हा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही. लोक घाबरून फादरना फार उशिरा बोलावतात.

ग्रुपवर प्रार्थनाविनंती टाकण्याआधी परवानगी घ्या, आणि काय लिहू तेही विचारा. "एका बहिणीच्या उपचारासाठी" एवढं पुरतं. आजाराचं नाव, रिपोर्टचा फोटो, घरातले वाद यांची देवाला माहिती आहे.

मध्यस्थ:

एक राहिलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कशातही रस उरला नसेल तर डॉक्टरकडे जाणं हा प्रार्थनेचाच पुढचा भाग समजा. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने उपायच सुचवला (१ तीमथ्य ५:२३). जीव द्यावासा वाटत असेल तर त्या माणसाला एकट्याने प्रार्थना करत बसवू नका, कोणीतरी जवळ थांबा आणि त्याच दिवशी मदत मिळवा. तसंच, प्रार्थना "नीट झाली नाही" या भीतीने कोणी ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणत असेल, तर आणखी प्रार्थना करायला सांगू नका. एकदाच म्हणायची, अडखळली तरी पुढे जायचं, आणि हेही डॉक्टरांना सांगायचं.

जैतूनाची फांदी:

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत स्तोत्र १३ घेऊन प्रत्येकीला अर्धं पान लिहायला देणार आहे. वाचून दाखवायला लावू का?

स्तोत्रपाठक:

लावू नका. गटापुढे वाचायचं म्हटलं की गाऱ्हाणं सौम्य होतं आणि भरवसा फुगतो. लिहायला पंधरा मिनिटं, मग प्रत्येकीने कागद आपल्याजवळ ठेवून मनातल्या मनात देवाला वाचायचा. मोठ्याने स्तोत्र १३ सगळ्यांनी मिळून म्हणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ एकेकीने बसून त्या सांगतील ते लिहावं, पण कागद त्यांचा त्यांना द्यावा.