‘देवाज्ञा झाली’ : मारल्या गेलेल्या मुलांबद्दल हा शब्द चालेल का?

शाळाबाई :
आमच्या सोलापूरच्या शाळेत मुले पाळीपाळीने फळ्यावर दिनविशेष लिहितात. १४ डिसेंबरला एका मुलीने लिहिले, ‘२०१२ – अमेरिकेतील न्यूटाउन गावी सँडी हुक शाळेत गोळीबार. २० मुले आणि ६ मोठी माणसे यांना देवाज्ञा झाली.’ ती मुले सहा-सात वर्षांची होती. वाक्य व्याकरणाला धरून आहे, आणि तिने हा शब्द आदरानेच वापरला असणार. पण मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, अशी आज्ञा देव का देईल?” हा प्रश्न शब्दकोशात सुटणारा नाही, तरी सुरुवात शब्दापासून करू या. अशा मरणाला देवाज्ञा म्हणावे का? आणि म्हणायचे नसेल, तर देव मानणाऱ्या माणसाने काय म्हणावे?

जुना जुळारी :
छापखान्यात खिळे जुळवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे उत्तरकार्याच्या पत्रिका पुष्कळ हाताखालून गेल्या. ‘वृद्धापकाळाने देवाज्ञा झाली’, ‘अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली’ हे ठरलेले मजकूर. लिंगायत घरातली पत्रिका असली की ‘लिंगैक्य झाले’, मुसलमान घरातली असली की ‘पैगंबरवासी’. देवाज्ञा शब्द पेशवाईतल्या पत्रांतही ‘देवाज्ञा जाहली’ असा सापडतो, म्हणजे चांगला मुरलेला आहे. पण ज्याला कुणी मारले त्याच्या पत्रिकेसाठी हा शब्द घेऊन कुणी माझ्याकडे आल्याचे आठवत नाही. तिथे ‘दुःखद निधन’ यायचे, ‘अकाली निधन’ यायचे. असे करा म्हणून त्यांना कुणी शिकवले नव्हते. म्हातारपण आणि आजार यांत मरणारा आणि देव यांच्या मधे तिसरा माणूस नसतो. खुनात असतो. ‘देवाज्ञा’ म्हटले की बंदूक धरणारा वाक्यातून निसटतो आणि त्याचे करणे देवाच्या नावावर लागते. तसा तो ‘गोळीबारात मृत्यू झाला’ यातूनही निसटतो. फळ्यावर ‘गोळ्या घालून मारली’ असेच लिहा. कठोर वाटेल, पण खरे आहे.

पंढरपूर रस्ता :
जुळारीकाकांचे पटते. पण माणसे देवाज्ञेवर थांबत नाहीत, पुढचा शब्द ‘प्रारब्ध’ येतो, आणि मला काळजी त्याची आहे. प्र + आरब्ध, म्हणजे सुरू होऊन गेलेले. संचितातला जो वाटा या जन्मी भोगायला निघाला तो प्रारब्ध. आमच्या घरात वारी आहे, हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. माझी आजी तिचा तरुण मुलगा गेल्यावर “माझं प्रारब्ध” म्हणायची, आणि त्या शब्दाने तिला उभे राहता यायचे. तोच शब्द शेजारणीने “तुमचं प्रारब्ध” म्हणून उच्चारला तेव्हा आजी आत निघून गेली. शब्द एकच, पण व्याकरणातला पुरुष बदलला की सांत्वनाचा आरोप होतो. प्रारब्ध हा माझ्या मते प्रथमपुरुषीच वापरायचा शब्द आहे. पहिलीतल्या मुलाच्या आईला परक्याने “त्याचं तेवढंच आयुष्य होतं” म्हणणे म्हणजे, तुझ्या मुलाच्या मरणाचा हिशेब मला कळला आहे, असे सांगणे. श्रद्धा असलेल्याने तर हे मुळीच बोलू नये. देवाचे आपल्याला कळत नाही, हाच तर श्रद्धेतला नम्रपणा. ‘देवाला आवडली’ याबद्दलही मी हेच म्हणेन. आईवडिलांनी म्हटले तर ऐकून घ्यावे, आपण होऊन म्हणू नये.

विजापूर वेस :
१६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, १३० हून अधिक मुले मारली गेली. उर्दूत त्यांना ‘शहीद’ म्हणतात. मराठी भाषांतरात त्याचे ‘हुतात्मा’ करतात, ते मला चुकीचे वाटते. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. आपण काय करतो आहोत हे त्यांना ठाऊक होते. वर्गात बसलेल्या पोराने कसली आहुती दिली? शहीदचा मूळ अर्थ साक्षीदार, आणि हदीसप्रमाणे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांप्रमाणे, साथीत किंवा बुडून मेलेल्यालाही तो दर्जा मिळतो. म्हणजे तो शब्द निष्पाप मरणालाही आपल्यात घेतो, हुतात्मा घेत नाही. मराठीत शहीद तसाच ठेवावा. ‘बळी’ही नको. बळी कुणाला तरी दिलेला असतो.

सदर बझार :
मी ख्रिस्ती आहे. बाईंनी दिनविशेषात २ ऑक्टोबरही घ्यावा. २००६ साली त्या दिवशी पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स येथे आमिश या ख्रिस्ती पंथाच्या एकखोली शाळेत एकाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या, मग त्याने स्वतःलाही संपवले. आमिश मंडळी त्याच दिवशी त्याच्या घरच्यांना भेटायला गेली. पुढे त्याच्या मातीलाही गेली. याला ‘माफ केले’ म्हणावे की ‘क्षमा केली’? माफी आपण फीची, कर्जाची, शेतसाऱ्याची करतो, म्हणजे येणे सोडून देतो. आमच्या मराठी प्रार्थनेतही ऋण सोडण्याचीच भाषा आहे. क्षमेच्या मुळाशी मात्र ‘क्षम्’, सोसणे. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात ते त्यामुळेच. त्या आईबापांनी दोन्ही केले असे मला वाटते : वैराचे येणे सोडले आणि मुलीचे नसणे सोसत राहिले. मुलांना हे समजावून सांगा, नाहीतर ‘क्षमा केली’ याचा अर्थ ‘दुःख संपले’ असा घेतील. आणि ज्यांना क्षमा जमली नाही त्यांची श्रद्धा कमी, असेही कुणी समजू नये.

शाळाबाई :
सगळ्यांची आभारी आहे. फळ्यावर वाक्य बदलले, ‘मारली गेली’ असे लिहिले. ज्या मुलीने आधी लिहिले होते तिनेच बदलले. मागच्या बाकावरच्या प्रश्नाला मी म्हटले, देवाने अशी आज्ञा दिली असे मी मानत नाही, आणि तरीही मी देव मानते. प्रश्न विचारणारी म्हणाली, “मग याचा अर्थ काय लावायचा?” मराठीत अर्थ ‘लावता’ येतो आणि अर्थ ‘लागतो’ही. लावणे आपल्या हातात असते, लागणे नसते. ज्यांचे मूल गेले त्यांना कधी लागला तर लागेल, बाहेरच्यांनी लावू नये, एवढे मी तिला सांगितले. तिला ते पुरले असे दिसले नाही, उद्या पुन्हा बोलणार आहोत.

माझ्या वर्गात निम्मी मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. कुणाच्या घरी मूल गेले तर तिथे भेटायला जाणारा काय म्हणतो? शहराच्या पूर्वभागातल्या कुणीतरी लिहा.