मदत हवी आहे: पावसाळ्यात ट्रेलरची बॅटरी चार्ज कशी ठेवावी?

गोव्यात डिचोलीला राहतो. कॅम्पिंग ट्रेलर जून ते सप्टेंबर घरामागे माडांखाली उभा असतो (नारळ पाडून घेतलेत, ती काळजी नको). आत १२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी आहे. पूर्ण चार्ज करून ठेवली की १२.७ दाखवते, महिन्याभरात १२.१ वर येते, म्हणजे साधारण निम्म्यावर.

निगेटिव्ह वायर काढून ठेवली तर उतरणं बरंच कमी होतं, त्यामुळे बॅटरी गेलेली वाटत नाही. डिस्टिल्ड वॉटर बरोबर आहे. टर्मिनलवरची हिरवट पूड गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलंय. छपरावर सोलर पॅनल आहे, पण माडांची सावली आणि वर ढग, त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ट्रेलर उघड्यावर हलवायला जागा नाही.

घरातून वायर ओढता येते. मात्र लाईट सारखी जाते आणि विजा कडाडायला लागल्या की आई घरातले सगळे प्लग काढते, ते योग्यच आहे. लिथियमचं बजेट सध्या नाही.

तर अशा खंडित विजेवर १३.५ व्होल्टच्या आसपासचा ऑटोमॅटिक फ्लोट चार्जर (भरलेली बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) कायम लावून ठेवावा, की वायर काढून ठेवून महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज केलेलं पुरेल? दमट हवेत कोणी करून पाहिलंय का?