मदत हवी आहे: पात्राचा भूतकाळ प्रेक्षकाला सांगायचा किती?

एक दीर्घांक लिहितोय. मुख्य पात्र पन्नाशीची बाई, घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणारी. तिचं बालपण, घरातली चोरी, त्यावरून वडिलांनी धरलेला अबोला, असं सगळं मी आधी वहीत उतरवलं. अकरा पानं झाली! लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू.

घोडं अडलंय दुसऱ्या प्रवेशात. तिथे ती धाकट्या भावाला ही सगळी हकिगत सांगते. वाचनाच्या वेळी नेमकी तिथेच मंडळी चुळबुळायला लागली. भावाला हे माहीत नसेल का, असंही एकाने विचारलं. बरोबरच आहे त्याचं. म्हणून तो उतारा काढून टाकला, तर आता बाई नुसतीच विक्षिप्त वाटते.

भूमिका करणारी अभिनेत्री मात्र वही मागून घेऊन गेली. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्की ज्याला ‘दिलेली परिस्थिती’ म्हणतो, म्हणजे पात्र कुठल्या काळात, कुठल्या प्रसंगांतून घडलं याचा तपशील, ती तिला त्यात सापडते म्हणे. पण वडिलांच्या अबोल्याचं ओझं कुलूप ओढणाऱ्या हातात कसं आणायचं, हे तिलाही उमगत नाहीये.

सध्या एवढंच सुचलंय: भाऊ किल्ली मागतो, ती देत नाही आणि विषय बदलते. एवढ्यावर भागेल का? की चोरीचा उल्लेख एकदा तरी यायलाच हवा, आणि आलाच तर कोणाच्या तोंडी? तुम्ही असा प्रसंग कसा सोडवलात? तुमचा फसलेला प्रयोगही सांगा, चालेल.