मदत हवी आहे: फ्योर्डमधल्या हिमनदीची प्रतिकृती फिश टँकमध्ये जमेल का?

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि यंदा ज्वालामुखी नको यावर ती ठाम आहे. (सोडा-व्हिनेगरला मीही विटलोय.) तिने निवडलीय ग्रीनलंडमधल्या इलुलिसाटजवळची याकोब्सहाव्न हिमनदी, जी फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद, खोल खाडीत उतरते. १९९७ च्या सुमारास डिस्को उपसागरात अटलांटिकचं उबदार पाणी खोलातून शिरलं आणि २००३ पर्यंत या हिमनदीची सुमारे १५ किलोमीटरची तरंगती जीभ (पाण्यावर पुढे आलेला बर्फ) मोडली, इथवर समजलं.

पुढे गाडी अडलीय. उबदार पाणी वर यायला हवं, मग फ्योर्डमध्ये ते तळाशी कसं? आणि उन्हाळ्यात बर्फावर वितळलेलं पाणी भेगांतून खाली उतरून हिमनदीच्या बुडातून समुद्रात सुटतं. ते तर बर्फाइतकंच गार. त्याने वितळणं वाढतं कसं?

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. तिथे वजन ठरवतं मीठ. अटलांटिकचं पाणी उबदार असलं तरी जास्त खारं, म्हणून जड. वरचं गार पाणी कमी खारं, म्हणून हलकं. तळाचं पाणी तीन-चार अंशांचंच असतं, पण खाऱ्या पाण्यात बर्फ शून्याखालीही वितळतो, तेव्हा तेवढं पुरतं.

बुडातून सुटणारं पाणी गोडं. शेकडो मीटर खोलीवर ते खाऱ्या पाण्यात आलं की हिमनदीच्या कड्याला घासत वर उसळतं आणि जाताना आजूबाजूचं उबदार पाणी ओढून कड्यावर आणतं. बर्फ वितळवतो समुद्र, गोडं पाणी फक्त पंप. कडा खालून पोखरला गेला की वरचा भाग कोसळतो.

टँकसाठी: कोमट पाणी, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. हिमनदी म्हणून ठेवलेली बर्फाची लादी तरंगेल, म्हणून डब्यात तळाशी दगड घालूनच गोठवा. सलाईनची नळी घ्या, तिच्या चाकीने धार कमी-जास्त करता येते. शाई घातलेलं गार पाणी लादीच्या पायथ्याशी सोडा. तुलनेसाठी शेजारी दुसरी लादी नळीशिवाय ठेवा.

धागाकर्ता
झकास! अजून एक. २०१६ नंतर तीच हिमनदी मंदावली, जाडही झाली म्हणे. परीक्षकांनी तेच काढलं तर?

प्रतिसाद २
काढू देत, मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे. तेव्हा डिस्को उपसागरात येणारं पाणी गार झालं होतं, उत्तर अटलांटिकच्या नैसर्गिक चढउतारामुळे. पाणी निवलं तशी हिमनदी लगेच सावरली, म्हणजे लगाम समुद्राच्या हातात आहे. आणि त्या काळातही बर्फवृष्टीने भरून निघेल त्यापेक्षा जास्त बर्फ ती समुद्रात टाकतच होती.